एस्सिटालोप्राम + क्लोनाझेपामची जोडगोळी: सुरुवातीचा त्रास आणि नंतरची सोडवणूक

ओंजळ:

पॅनिक डिसऑर्डरचं (अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याच्या आजाराचं) निदान झालेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात एकाच छापाची चिठ्ठी असते. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत, रात्री जेवणानंतर एक, पंधरा दिवस. पुढचं नाटकही ठरलेलं. चौथ्या-पाचव्या दिवशी फोन येतो, "गोळीनं जास्तच घाबरायला होतंय, मळमळतंय, बंद करू का?" जे टिकतात ते दीड-दोन महिन्यांत सावरतात आणि "आता बरं आहे की" म्हणून गोळी एका रात्रीत सोडून देतात. मग आठवड्याच्या आत झोप उडते, हात थरथरतात, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. घरचे म्हणतात, "बघ, लागली ना सवय!"

डोस ठरवणं, औषध बदलणं हे डॉक्टरांचं काम, त्यात लुडबुड करायची नाही. पण समोरच्याला कारण धड सांगता आलं पाहिजे. म्हणून या चर्चेतल्या जाणकारांना विचारते. गोळीतलं एस्सिटालोप्राम जर काही तासांतच सिरोटोनिनवर (मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या एका रसायनावर) काम करतं, तर गुण यायला चार-सहा आठवडे का? आधी त्रास वाढतो तो कशानं, आणि तो कमी करता येतो का? दोन औषधं एकाच गोळीत असताना त्यातलं एकच कसं थांबवायचं? आणि गोळी सोडल्यावर जे होतं तो आजार उलटला की गोळी सुटल्याचा त्रास, हे ओळखायचं कसं?

सायनॅप्स:

"मेंदूत सिरोटोनिन कमी पडतं, गोळी ते भरून काढते" हे वाक्य आधी बाजूला ठेवा. हिमोग्लोबिन कमी, म्हणून लोहाची गोळी, तसा हा हिशेब नाही. पॅनिकच्या रुग्णात सिरोटोनिनचा साठा आटलेला असतो असं कुणी मोजून दाखवलेलं नाही. दाखवता येतं ते इतकंच, की धोक्याची सूचना देणारी यंत्रणा फारच थोड्या कारणानं सुटते. १९६७ साली पिट्स आणि मॅक्लूर यांनी शिरेतून सोडियम लॅक्टेट दिलं, तर रुग्णांना अटॅक आले, निरोगी माणसांना क्वचितच. ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या हवेचा एक खोल श्वास दिला तरी तेच घडतं. डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ मध्ये यावरून मांडणी केली, की श्वास कोंडल्याची सूचना देणारी यंत्रणा या लोकांत उगाचच सुटते.

इंटरनेटवर सगळं खापर अमिग्डलाच्या, म्हणजे मेंदूतल्या भीतीच्या केंद्राच्या, डोक्यावर फुटतं. ते अर्धंच खरं. एका दुर्मिळ आजारात दोन्ही बाजूंची अमिग्डला निकामी झालेल्या, साप-कोळ्यांनाही न घाबरणाऱ्या एका बाईंना आणि तसंच नुकसान झालेल्या आणखी दोघींना हा कार्बन डायऑक्साइड दिला, तर तिघींनाही पॅनिक अटॅक आला. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे अटॅकची ठिणगी अमिग्डलाशिवायही पडू शकते. मेंदूच्या खोडात श्वास आणि हृदयगती सांभाळणारे भाग आहेत, नॉरॲड्रेनलिन सोडणारा लोकस सिरुलियस आहे, ते सगळे या जाळ्यात येतात. खोडातल्याच राफे नावाच्या पेशीसमूहातून सिरोटोनिनच्या तारा या सगळ्या ठिकाणी पोचतात आणि त्यांचा उत्साह आवरतात. एस्सिटालोप्रामसारखी औषधं काम करतात ती या तारांवर.

आता उशिराचं कारण. सोडलेलं सिरोटोनिन परत आत ओढून घेणारा पंप गोळी काही तासांतच अडवते, हे बरोबर. पण राफेतल्या पेशींना स्वतःचा ब्रेक असतो, ५-एचटी१ए नावाचे रिसेप्टर (रसायन ज्यावर येऊन बसतं ती पेशीवरची जागा). पेशीभोवती सिरोटोनिन वाढलं की हा ब्रेक लागतो आणि पेशी आपलं काम कमी करते. म्हणजे सुरुवातीला गोळी एका बाजूनं वाढवते, पेशी दुसऱ्या बाजूनं आखडता हात घेते. दोन-तीन आठवडे हे चाललं की ब्रेक बोथट होतो आणि मग टोकाशी सिरोटोनिन खऱ्या अर्थानं वाढतं. यातला बराचसा पुरावा प्राण्यांवरचा आहे, पण वेळेचं गणित दवाखान्यात दिसतं त्याच्याशी जुळतं.

त्याच मधल्या काळात वाढलेलं सिरोटोनिन अमिग्डलाच्या परिसरातल्या ५-एचटी२सी रिसेप्टरांवर पडतं आणि भीती वाढवतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. तुमच्या "चौथ्या दिवशीच्या फोन"चं मूळ बहुधा इथं आहे. मळमळ आणि पातळ शौचाचं कारण त्याहून साधं. शरीरातलं सुमारे ९० टक्के सिरोटोनिन आतड्यात असतं, गोळी तिथलाही पंप अडवते. जेवणानंतर घेतली की बरंच निभतं, आणि आठ-दहा दिवसांत आतडं सरावतं.

त्रास कमी करायचा मुख्य उपाय एकच, निम्म्यानं सुरुवात. नैराश्यात सुरुवातीलाच १० मिलिग्रॅम एस्सिटालोप्राम चालून जातं, पॅनिकमध्ये ५ नं सुरू करून आठवड्यानं १० वर जायचं. फारच हळवा माणूस असेल तर २.५ नं. पॅनिकवर दिली जाणारी इतर औषधंही तशीच: सर्ट्रालिन २५ नं सुरू, आठवड्यानं ५०. पॅरोक्सेटिन १० नं. फ्लुओक्सेटिन १०, मग २०. व्हेन्लाफॅक्सिनची सावकाश विरघळणारी कॅप्सूल ३७.५, मग ७५. पॅनिकचा माणूस छातीतली प्रत्येक धडधड मोजत बसलेला असतो. दुसऱ्याला जाणवणारही नाही अशा चुळबुळीनं त्याचा अटॅक सुरू होतो. म्हणून हा आठवडा वाया गेला असं समजू नये. जोडगोळीत १० + ०.५ हेच पहिल्या दिवसापासून पोटात जातं, आणि क्लोनाझेपामनं झोप येते म्हणून ती रात्रीच घ्यावी लागते. एस्सिटालोप्रामनं ज्याची झोप उडते त्याला ते सकाळी द्यायला हवं, ती सोय उरत नाही.

क्लोनाझेपामचं काम वेगळं. गाबा हे मेंदूतलं शांतवणारं रसायन. त्याच्या रिसेप्टरवर बसून ही गोळी गाबाचा परिणाम वाढवते, पेशीत क्लोराइड जास्त जातं आणि पेशी गप्प बसते. हा गुण त्याच दिवशी दिसतो, म्हणूनच माणसाला वाटतं की "खरी" गोळी हीच. इथं एक बारकावा लोकांना जरूर सांगा. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपसूक ओसरतो. तोंडावाटे घेतलेलं क्लोनाझेपाम अंगात भिनायला अर्धा-पाऊण तास लागतो. अटॅक आल्यावर गोळी गिळून "दहा मिनिटांत बरं वाटलं" म्हणणाऱ्याचं श्रेय गोळीनं फुकट लाटलेलं असतं.

पहिल्या काही आठवड्यांचा पूल म्हणून तिला जागा आहे. २००१ च्या एका अभ्यासात सर्ट्रालिनसोबत चार आठवडे क्लोनाझेपाम देऊन पुढच्या तीन आठवड्यांत ते उतरवलं. सुरुवातीच्या आठवड्यांत जोडीचा गट लवकर सावरला, शेवटी दोन्ही गट सारखेच. ब्रिटनमधली उपचारांचे निकष ठरवणारी नाइस संस्था तर पॅनिक डिसऑर्डरमध्ये क्लोनाझेपामच्या वर्गाची औषधं देऊच नका म्हणते. आपल्याकडचा प्रघात दुसऱ्या टोकाला. माझं मत मधलं: द्यायचंच तर वेगळी गोळी, आणि थांबवायची तारीख पहिल्याच चिठ्ठीवर.

गुण कोणत्या क्रमानं येतो तेही सांगून ठेवा. १९६० च्या आसपास न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलात क्लाइन यांना इमिप्रामिन हे नैराश्यावरचं जुनं औषध देताना दिसलं, की अटॅक थांबतात पण "आता येईल की काय" ही धाकधूक मागे राहते. आजही तसंच. आधी अटॅक विरळ होतात, मग धाकधूक, आणि घराबाहेर पडायची भीती सगळ्यात शेवटी. हे माहीत नसलं की सहाव्या आठवड्यात माणूस म्हणतो, "काही फरक नाही," आणि वही काढून मोजलं तर अटॅक आठवड्याला पाचावरून एकावर आलेले असतात. पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे झाल्याशिवाय औषध फुकट गेलं असं ठरवू नये. नाइसचा हिशेब तर बारा आठवड्यांचा आहे.

दोन ठिकाणी मात्र वाट बघायची नाही. कुणालाही, विशेषतः पंचविशीच्या आतल्या माणसाला, सुरुवातीला किंवा डोस बदलल्यावर मरणाचे विचार, कमालीची अस्वस्थता, एका जागी बसता न येणं असं काही सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. रात्री-अपरात्री कुणी भेटलं नाही तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीतून बोलता येतं. दुसरं, झोपेची गरजच न वाटणं, अखंड बडबड, पैशाची उधळण. घरात कुणाला बायपोलर (कधी नैराश्य, कधी असा अतिउत्साह येणारा आजार) असेल तर ते गोळी सुरू व्हायच्या आधीच सांगायला हवं.

खलबत्ता:

सायनॅप्स यांच्याशी सहमत. औषधाच्या काउंटरच्या बाजूनं थोडी भर.

"पॉइंट फाइव्ह म्हणजे अगदी बारीक गोळी" हा समज पहिल्यांदा मोडा. ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम म्हणजे ढोबळमानानं ५ ते १० मिलिग्रॅम डायझेपाम, कोष्टकागणिक थोडं इकडंतिकडं. शिवाय ते अंगातून निम्मं उतरायला ३० ते ४० तास लागतात. रोज रात्री घेतलं की आठवडाभर साठत जातं. पहिल्या दिवशी काही वाटलं नाही म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुचाकी काढणारे गोत्यात येतात. दारू किंवा ट्रामाडॉल-कोडीनसारखी अफूवर्गीय औषधं सोबत असतील तर श्वास मंदावतो, तो धोका जिवाचा.

जोडगोळी ओळखायची कशी? नावापुढे पुष्कळदा 'प्लस' किंवा तसलं शेपूट असतं. पण नावावर विसंबू नका, स्ट्रिपच्या मागं रसायनांची नावं बारीक अक्षरात असतात ती वाचा. दोन ओळी दिसल्या की दोन औषधं. चिठ्ठी बदलताना हमखास होणारी चूक म्हणजे जोडगोळी चालू असताना दुसऱ्या डॉक्टरांनी "झोपेसाठी" वेगळं क्लोनाझेपाम दिलं, आणि माणूस दोन्ही घेत राहिला. दुसरी चूक सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम एकच समजण्याची. १० एस्सिटालोप्राम म्हणजे साधारण २० सिटालोप्राम. तिसरी भानगड एटिझोलाम आणि प्रोप्रानोलॉलच्या जोडगोळीची. दम्याच्या माणसानं ती घेतली तर प्रोप्रानोलॉलनं श्वासनळ्या आवळतात, आणि त्याला कल्पनाही नसते की आपण बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची धडधड दाबणारं औषध, घेतोय.

तोडण्याबद्दल. एस्सिटालोप्रामच्या बऱ्याच साध्या गोळ्यांवर मधोमध खाच असते, ती बरोबर दोन तुकडे करण्यासाठीच. खाच नसेल तर केमिस्टकडे मिळणारा गोळी कापायचा डबा वापरा, सुरीनं एक तुकडा मोठा, एक लहान आणि उरलेला चुरा ताटलीत. तोंडात विरघळणारं क्लोनाझेपाम मात्र कापायच्या नादाला लागू नका. ती गोळी ओलसर बोटाला चिकटूनच विरते, स्ट्रिपमधून ढकलताना सुद्धा चुरडते. कोरड्या हातानं, मागचा कागद सोलून काढायची. साधी, गिळायची ०.२५ ची गोळी वेगळी मिळते, डोस उतरवायला तीच बरी. पॅरोक्सेटिनची सीआर गोळी आणि व्हेन्लाफॅक्सिनची एक्सआर कॅप्सूल चावायची नाही, चेचायची नाही. सावकाश सुटण्याची सगळी व्यवस्था मोडते आणि दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

सोबतच्या औषधांत काय बघायचं? वेदनाशामक ट्रामाडॉल, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, आणि खोकल्याच्या सिरपातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. यांच्या जोडीनं सिरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं: घाम, थरथर, जुलाब, ताप, स्नायू ताठरणं. घरात कुठलीही पातळ बाटली "साधं कफ सिरप" म्हणून घेतली जाते, म्हणून मुद्दाम लिहिलं. आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक रोज घेणाऱ्यांना पोटातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल चालू असेल तर एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी चढते. वयस्कर माणूस, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, आणि आता एस्सिटालोप्राम: इथं सोडियम घसरतं. चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर सोडियम तपासायला लावा. सर्दीच्या गोळीतल्या फिनिलेफ्रिननं धडधड होते, मग आजार उलटला म्हणून रडारड.

एखादा डोस चुकला तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आणि हो, क्लोनाझेपामच्याच वर्गातलं अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक यादीत, येतं. केमिस्टला डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या हे वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. "ओळखीचं दुकान आहे, चिठ्ठी लागत नाही" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर कपाळाला हात लावायचा.

ओंजळ:

दोघांचेही आभार, पुष्कळ गाठी सुटल्या. आणखी तीन गोष्टी वारंवार ऐकू येतात. "सिरोटोनिनची रक्त तपासणी करून घेऊ का?", "फक्त धडधडीची गोळी द्या, मेंदूची नको", आणि अटॅकमध्ये कागदी पिशवीत श्वास घेणं. यांचं काय?

नाडीपरीक्षा:

रक्तातल्या सिरोटोनिनची तपासणी या कामाची नाही. रक्तातलं जवळपास सगळं सिरोटोनिन प्लेटलेटमध्ये असतं, ते आतड्यातून आलेलं, आणि मेंदूत शिरू शकत नाही. गंमत पुढे आहे. प्लेटलेटलाही तोच पंप असतो. एस्सिटालोप्राम तो अडवतं, म्हणून औषध लागू पडलेलं असताना रक्तातला आकडा उलट खाली जातो. रिपोर्ट बघून माणूस घाबरणार, पैसे वर जाणार.

खर्च करायचाच तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर आणि एक ईसीजी यांवर करावा. थायरॉइड वाढलेलं असताना पॅनिकची गोळी देत बसण्यात अर्थ नाही. दम्याचा पंप, चहा-कॉफीचे कप, गांजा, नुकतीच सोडलेली दारू, हे विचारायचं राहून जातं. धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच थांबत असेल आणि नाडी बसल्याजागी १५० च्या वर असेल तर तो हृदयाच्या लयीचा दोष असू शकतो. तो चालू असतानाच ईसीजी काढला तर पकडता येतो. चाळिशीनंतर पहिल्यांदाच आलेला अटॅक, चढण चढताना छातीत दुखणं, शुद्ध हरपणं: आधी हृदय, मग मन.

प्रोप्रानोलॉलनं हाताची थरथर आणि धडधड दबते, स्टेजवर बोलण्याच्या भीतीला त्याचा उपयोग होतो. पॅनिक अटॅक थांबवण्यात मात्र ते कमी पडतं, आणि दम्यात वर्ज्य.

पिशवीबद्दल. घाबरून भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, रक्त अल्कलीकडे झुकतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं. आधी ओठांभोवती मुंग्या, मग बोटांच्या टोकांना. फार झालं तर अंगठा तळहाताकडे वळतो आणि बोटं चिमटीसारखी जुळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून भोवळ आणि "मी इथं नाहीच" असं वाटणं. पिशवीनं कार्बन डायऑक्साइड परत वाढतो हे खरं, पण प्राणवायूही घटतो. तो माणूस पॅनिकचा नसून हार्ट अटॅकचा किंवा दम्याचा निघाला तर पिशवी महागात पडते. त्यापेक्षा नाकानं चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. खोल श्वास घे म्हणून ओरडू नका, तो आधीच गरजेपेक्षा जास्त घेतोय. हळू घे म्हणा.

पायरी:

वरचा हळू श्वासाचा सल्ला पहिल्या अटॅकपुरता योग्य. पुढे मात्र तोही टेकू बनतो, तसाच खिशातल्या गोळीचा. पाकिटात घडी केलेल्या स्ट्रिपमध्ये एकच क्लोनाझेपाम, मुदत कधीच संपलेली, आणि ती नसेल तर माणूस घराचा उंबरा ओलांडत नाही. ही गोळी पोटात न जाताही आजार टिकवते. "ती होती म्हणून वाचलो" एवढंच मेंदू शिकतो.

मानसोपचारात शरीरातल्या संवेदना मुद्दाम घडवून आणतात. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास, जागच्या जागी एक मिनिट धावणं, फिरत्या खुर्चीत एक मिनिट गरगर, एक मिनिट मुद्दाम भराभर श्वास. भीती शून्य ते दहामध्ये किती ते लिहायचं, थोडं थांबायचं, परत करायचं. सहाची तीन होईपर्यंत. दमा, हृदयविकार, फिट, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि हे क्लोनाझेपामच्या अमलाखाली केलं तर अर्धं वाया जातं, कारण संवेदनाच बोथट झालेल्या असतात.

बाहेर पडण्याची शिडी ज्याच्या त्याच्या गावातली हवी. मुंबईत पॅनिकचा माणूस फास्ट लोकल टाळून स्लो पकडतो. दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन येतं, उतरता येतं. दाराजवळ उभा राहतो, पाण्याची बाटली हातात. तर शिडी अशी: ठाणे-मुलुंड स्लो, दाराजवळ. मग आत बसून. मग बाटलीशिवाय. मग ठाण्याहून घाटकोपर फास्ट. एक पायरी कंटाळा येईपर्यंत, मगच पुढची. सोबतीला कुणी असेल तर पहिल्या दोन खेपांपुरतं.

औषध आणि हे उपचार एकत्र चांगले की वेगळे, यावर २००० साली बार्लो आणि सहकाऱ्यांचा ३१२ रुग्णांचा अभ्यास आला. इमिप्रामिन, वर्तनोपचार, दोन्ही मिळून असे गट. उपचार चालू असताना एकत्र घेणारे पुढे. सगळं थांबवून सहा महिन्यांनी पाहिलं तर इमिप्रामिनसह वर्तनोपचार घेतलेले जास्त घसरले, नुसता वर्तनोपचार घेतलेल्यांचा गुण टिकला. म्हणून औषध नको असा अर्थ काढू नका, बऱ्याच जणांना औषधाशिवाय शिडीला हातही लावता येत नाही. गोळी उतरत असताना सत्रं बंद करू नयेत, एवढं त्यातून घ्यावं. व्यवहारात मात्र बरोबर उलटं होतं. बरं वाटलं की आधी सत्रं सुटतात.

सायनॅप्स:

राहिलेला प्रश्न, उतरवण्याचा. सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हे गृहीत धरून.

पहिली पायरी म्हणजे जोडगोळी फोडणं. त्याच रकमेच्या दोन वेगळ्या गोळ्या: साधं एस्सिटालोप्राम १०, वेगळं क्लोनाझेपाम ०.५. एस्सिटालोप्राम सकाळी न्या. एखादा आठवडा तसंच राहू द्या, म्हणजे बदललं काय हे कळेल. जोडगोळीच अर्धी तोडली तर दोन्ही औषधं एकदम निम्मी होतात. मग त्रास झाला तर कुणामुळे झाला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आधी क्लोनाझेपाम उतरवायचं, एस्सिटालोप्रामला हात लावायचा नाही. तीन-चार आठवड्यांचाच वापर असेल तर ०.५ वरून ०.२५, मग ०.१२५, प्रत्येक टप्पा आठवडाभर, हे बहुतेकांना झेपतं. महिनोन्‌महिने चालू असेल तर गती अगदीच वेगळी: दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, आणि दोन आठवड्यांत पाव हिश्शाहून जास्त कधीच नाही. गोळीच्या तुकड्यांनी इतकं बारीक जमत नाही, तेव्हा डॉक्टर डायझेपामवर नेऊन तिथून उतरवतात. शेवटचे टप्पे जड जातात, कारण ०.२५ वरून ०.१२५ ही दिसायला चिमूटभर असली तरी निम्मी कपात आहे. एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते. अल्प्राझोलामचा त्रास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतो, क्लोनाझेपाम रेंगाळत उतरतं म्हणून दोन-चार दिवस शांततेत जातात. त्या शांततेला फसून लोक म्हणतात, "बघा, बंद केली, काही झालं नाही."

एस्सिटालोप्राम अटॅक थांबल्यावर किमान सहा महिने, बहुतेकदा वर्षभर. मग १० वरून ५, चारेक आठवडे. ५ वरून २.५, पुन्हा तितकेच. डोस आणि पंप अडवण्याचं प्रमाण सरळ रेषेत नसतं. नेहमीच्या किमान डोसवरच सुमारे ८० टक्के पंप अडलेले असतात. वरून निम्मं केलं तरी हे प्रमाण थोडंच घसरतं, पण खालच्या टोकाला जरा कमी केलं की धाडकन कोसळतं. ज्यांना २.५ वरून शून्यावर येताना झटके बसतात त्यांनी आणखी लहान पायऱ्या मागून घ्याव्यात, लिक्विड मिळत असेल तर थेंबांनी.

गोळी सुटल्याचा त्रास की आजार? तारखा बघा. सुटल्याचा त्रास डोस बदलल्यावर काही दिवसांत येतो आणि त्यात पॅनिकमध्ये नसलेल्या गोष्टी असतात: मान वळवताना डोक्यात वीज चमकणं, भोवळ, भडक स्वप्नं, फ्लूसारखं अंग. आधीचा डोस परत घेतला की दोन-तीन दिवसांत निवळतो. आजार आठवड्या-महिन्यांनी, चोरपावलांनी येतो. पहिली खूण बहुधा अटॅक नसते, माणूस पुन्हा दाराजवळची जागा शोधायला लागतो ती असते. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन सुटताना सगळ्यात जास्त छळतात, फ्लुओक्सेटिन सगळ्यात कमी, कारण ते अंगातून जायलाच आठवडे घेतं. आणि "सवय"बद्दल: एस्सिटालोप्रामचा डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, त्याची तल्लफ येत नाही. सुटताना त्रास होणं आणि व्यसन लागणं या दोन गोष्टी वेगळ्या. क्लोनाझेपामच्या बाबतीत मात्र घरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

ओंजळ:

शेवटचा प्रश्न. एस्सिटालोप्राम "एक दिवसाआड घ्या, मग बंद करा" असं बऱ्याच चिठ्ठ्यांवर दिसतं. चालतं का?

खलबत्ता:

टाळावं. ते ३० तासांच्या आसपास निम्म्यावर येतं. एक दिवसाआड घेतलं तर दुसऱ्या दिवसाअखेर पातळी तिसऱ्या हिश्श्यावर आलेली असते, मग पुन्हा उसळी. म्हणजे दर ४८ तासांनी छोटीशी गोळीबंदी. रोज निम्मी घेतली तर आठवड्याला तेवढंच औषध जातं आणि पातळी सपाट राहते. ५ ची गोळी दुकानात नसेल तर १० ची खाचेवर तोडा, उरलेला अर्धा तुकडा स्ट्रिपच्याच खळग्यात ठेवून वर चिकटपट्टी लावा, दुसऱ्या दिवशी तोच घ्या. महिन्याभराच्या गोळ्या एकदम तोडून डबीत भरू नका, दमट हवेत त्यांचं पीठ होतं. फ्लुओक्सेटिनला दिवसाआड चालतं, पण ते चालतं म्हणून बाकीच्यांना लावू नये.